माळावरची काळविटे

लालबागच्या चाळीत वाढलेल्या आम्हा पोरांना हरीण म्हणजे राणीच्या बागेतले, एवढेच ठाऊक. रविवारी वडील चालत भायखळ्याला नेत. जाळीमागे ठिपक्यांचे चितळ पाला चघळत उभे असायचे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. पगार थांबला तसे पुष्कळांनी गाव गाठले. आम्हीही कर्जतला, चुलत्यांकडे गेलो. (मुंबईकराला कर्जत म्हटले की लोकलचे स्टेशन आठवते. हे ते नव्हे, नगरकडचे. जिल्हा आता अहिल्यानगर.)

जवळच रेहेकुरी. १९८० साली तिथे काळविटांसाठी अभयारण्य झाले, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे.

एका पहाटे चुलत्यांनी माळावर नेऊन कळप दाखवला. नर पाठीवर काळा, पोटाला पांढरा, शिंगे पिळाची. मादी तांबूस, बिनशिंगाची. चितळाची शिंगे गळून पुन्हा येतात, याची जन्मभर तीच. आफ्रिकेच्या गवताळ माळावर चरणारी गॅझेल याचीच भाऊबंद. नर आपला तुकडा राखतो, लेंड्यांचे ढीग घालून हद्द सांगतो. चुलते हसून म्हणाले, "बांधावरनं भांडणारे आपणच न्हाई!"

मादी पिलू गवतात दडवून दूर चरते. तेव्हा एकटे पिलू दिसले तर टाकून दिले समजून कुणी उचलू नये. संकट दिसले की एकजण उंच उडी घेतो आणि सारा कळप सुटतो, ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत. ही धाव चित्त्यापुढची. आपला चित्ता संपल्याचे १९५२ साली जाहीर झाले; २०२२ मध्ये आफ्रिकेतून आणले ते मध्य प्रदेशात कुनोला. आमच्या माळावर मागे लागणारा उरला तो लांडगा.

पुढच्या रब्बीला आमच्याही तोंडचा घास चुलत्यांच्या ज्वारीवरच होता. काळविटे शिरली आणि कोवळी धाटे खुडून गेली. आई कळवळली, "आम्ही संपापायी आलो, ही कशापायी आली?" चुलती म्हणाली, "माळाला गवत न्हाई, म्हणून. पोट तर त्यांनाबी हाय."

१९७२ च्या कायद्याने काळविटाला मारता येत नाही. आज पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करता येतो, पंचनामा होतो. तेव्हा आमच्याकडे राखण हाच उपाय. माळ्यावर बसायचे, डबा बडवायचा, हाळ्या द्यायच्या. रात्रीचे काम वडिलांनी मागून घेतले. गिरणीत रातपाळी केलेला माणूस, म्हणायचे, "मला जागायची सवय आहे, तुम्ही निजा."