स्वमग्नते, तुला लवकर ओळखायला हवं

प्रिय स्वमग्नते,


तुझ्या खुणा अगदी रोजच्या असतात, म्हणूनच त्या नजरेतून सुटतात. वर्षाचं बाळ चार हाका मारल्या तरी मान वळवत नाही आणि मिक्सर सुरू झाला की कानांवर हात ठेवून रडतं. भरवताना आजी खिडकीकडे बोट करते, "तो बघ काऊ!" एवढ्या वयाची बहुतेक बाळं तिकडे बघतात, पुढे स्वतः बोट दाखवून आजीला बघायला लावतात. तू सोबत असलेलं मूल पुष्कळदा बघतच नाही. बिस्किट हवं असलं, की आजीचं मनगट धरून तिचा हात डब्यापर्यंत नेतं. तिच्या चेहऱ्याकडे बघत नाही.

घरचे म्हणतात, "बोलेल हळूहळू. मुलगे उशिराच बोलतात. त्याचा बापही असाच होता." असं म्हणता म्हणता दोन वर्षं निघून जातात.

माझा राग तुझ्यावर नाही, या वाट बघण्यावर आहे. तू मेंदूच्या जडणघडणीतला जन्मजात वेगळेपणा आहेस. १९४३ साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी तू सोबत असलेल्या अकरा मुलांची निरीक्षणं मांडली. त्यानंतर कितीतरी वर्षं तुझा दोष 'माया न लावणाऱ्या' आयांच्या माथी मारला गेला. तो आरोप खोटा ठरला. लसीमुळे तू येतेस, हा आळही टिकला नाही. ज्यातून तो आळ पसरला, तो १९९८चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

आता हे पत्र वाचणाऱ्या आई-बाबांशी बोलते. वर्षाचं बाळ हाकेला ओ देत नसेल, टाटा करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल, दोन वर्षांचं मूल 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांना गाठा. एकाच खुणेवरून निदान होत नाही. आधी ऐकू येतं का ते तपासतात. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची 'एम-चॅट' चाचणी आहे. तिच्यातून पुढच्या तपासणीची गरज कळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तेव्हा मनातली शंका बोलून दाखवा. बोलण्याचे आणि खेळाचे उपचार सुरू करायला निदानाचा कागद हाती येईपर्यंत थांबू नका.

शंका खोटी ठरली तर काहीच बिघडत नाही. खरी ठरली, तर लवकर मिळालेली मदत मुलाच्या फार उपयोगी पडते. म्हणून शंका आली त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.

कळावे,
एक हितचिंतक