निळा दोरा

माझी माय गोधड्या शिवते. भडगावच्या उन्हाळ्यात दुपारी हात घामेजतात, म्हणून तिचं शिवण रात्री, भांडी आवरल्यावर. मधल्या खोलीतला जुना साठचा बल्ब उडाला तेव्हा मी बाजारातून एक बिननावाचा एलईडी आणला. खोक्यावर ठळक '12 वॅट'. भगभगीत पांढरा उजेड पडला आणि मला बरं वाटलं.

आठेक दिवसांनी मायनं रीळ पुढे केलं. "हाऊ दोरा हिरवा शे का निया?"

मलाही नीट सांगता येईना, तरी मी तिच्या नजरेलाच दोष दिला. पाचोऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. चष्म्याचा नंबर होता तोच निघाला. येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. "आता शिवणं बंद करते," एवढंच म्हणाली. ते अजून मला लागून आहे.

दुसऱ्या दिवशी तेच रीळ तिनं अंगणात उन्हात धरलं. स्वच्छ निळं!

रात्री मी मोबाइलचा कॅमेरा बल्बसमोर धरला. पडद्यावर काळे पट्टे सरकत होते. आपली वीज 50 हर्ट्झची. आतलं सर्किट हलकं असलं की उजेड सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. माय रोज रात्री कपाळ दाबत बसायची, ते मी थकव्यावर ढकललं होतं.

रंगांचंही तसंच. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर देतात. स्वस्त बल्बात निळ्या आणि पिवळ्याच्या मधला उजेड फार तुटपुंजा पडतो. निळ्या-हिरव्याची गल्लत होते, लालही मरगळतो. रंग किती खरे दिसतात याचा आकडा म्हणजे सीआरआय. उन्हाचा 100. घराला निदान 80 हवा, शिवणाला 90.

2015 च्या उजाला योजनेपासून एलईडी घरोघरी शिरला, पण आपलं बोलणं वॅटचंच राहिलं. वॅट म्हणजे बल्ब खातो ती वीज. उजेड मोजायचा ल्युमेनमध्ये. जुना साठचा सातशेच्या आसपास ल्युमेन द्यायचा. चांगला 9 वॅटचा एलईडी नऊशेपर्यंत देतो. माझ्या बारावाल्याच्या खोक्यावर ल्युमेनचा आकडाच नव्हता. बीआयएसचा नोंदणी क्रमांक नव्हता, वीजबचतीचे स्टारही नव्हते.

या खेपेला दुकानात मी खोकी वाचत उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, 6500 केल्विनचा न्या, सगळे तोच नेतात." केल्विन म्हणजे उजेडाची छटा. मी 4000 चा घेतला, सीआरआय 90 लिहिलेला. हातात जड लागला तेही आवडलं. आतली उष्णता बाहेर काढायला धातू लागतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात छताखाली काय तापतं ते आम्हालाच माहीत.

रात्री बल्ब लावला. मायनं अर्धी गोधडी मांडीवर पसरली, काठावरून बोट फिरवत गेली आणि थांबली. निळ्या काठात दोन ओळी हिरव्या पडल्या होत्या. तिनं सुईचं टोक टाक्याखाली घातलं आणि उसवायला लागली.