पांढऱ्यावरचे पांढरे

कॅमेरा विकत घेताना आम्ही एकच प्रश्न विचारला होता : पिक्सेल किती? ‘दोन कोटींच्या वर’ असे उत्तर मिळाले आणि आमची जिज्ञासा तेथेच तृप्त झाली. टिपलेले चित्र पुढे लिहिले कसे जाते, हा प्रश्न आम्हांस सुचलाच नाही. तो सुचला आमची आत्या गेल्यानंतर.

२०१० च्या श्रावणात वाईजवळच्या तिच्या गावी आम्ही तिचे चित्रण केले. ओटीवर बसून ती लक्ष वाती वळत होती. अंगावर पांढरे सुती लुगडे, मांडीवर पांढरा कापूस. आभाळ भरलेले असताना आम्ही प्रकाशाचे माप लावले आणि मध्येच ऊन आले. माप बदलायला उठलो तर तिचे बोलणे तुटेल, म्हणून तसेच राहू दिले. शेवटी त्याच उन्हात, त्याच मापावर एक स्थिरचित्र काढले. ते ‘रॉ’, म्हणजे कच्च्या स्वरूपात.

ती गेल्यावर ते चित्रण संगणकावर उघडले. लुगडे, कापूस, वाती मिळून एकच पांढरा डाग झाला होता. उजेड उतरवू गेलो तर पांढऱ्याचे करडे झाले. धागा काही उमटला नाही. मग स्थिरचित्र उघडले. तेही प्रथम तसेच पांढरे दिसले. पण उजेड उतरवताच पदराच्या चुण्या दिसू लागल्या, कापसाचे तंतू दिसू लागले. खांद्यावर जेथे थेट ऊन होते तेवढी जागा मात्र तेथेही कोरीच राहिली.

सेन्सर तोच, ऊन तेच. म्हणजे पाहणाऱ्याने पाहिले होते. लिहिणाऱ्याने लिहिले नव्हते.

तेव्हा आम्ही हिशेब मांडला. अशा सेन्सरचा प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो : निम्मे बिंदू हिरवा, पाव तांबडा, पाव निळा. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची. तिचे पेटंट १९७६ चे. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे दोन कोटी ही रक्कमही पुरती रोख नव्हे! त्यातून चित्रणासाठी उरले १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख बिंदू. रंगाची नोंद चार बिंदूंमागे एक. कच्च्या स्थिरचित्रात उजेडाच्या पायऱ्या १६,३८४, चित्रणात २५६. आणि कॅमेऱ्याने ज्यास एकदा ‘पांढरे’ म्हटले, त्यामागचे सारे तेथेच टाकून दिलेले.

‘के’ मोजणाऱ्यांच्या त्या काळात दोन चित्रपटांनी वेगळाच धडा दिला होता. ‘स्लमडॉग मिलियनेअर’चा (२००८) बराच भाग मुंबईत ‘एसआय-२के’ या लहानशा कॅमेऱ्याने टिपला गेला. त्याचे चित्र जेमतेम २०४८ बिंदू रुंद. पण ते कच्च्या स्वरूपात, बेताने दाबून लिहिले जाई. ‘ह्यूगो’ (२०११) आरी कंपनीच्या अलेक्सावर झाला. तो कॅमेरा ३के देखील भरत नव्हता. त्याची कीर्ती होती ती झगझगीत उजेड सांभाळण्याबद्दल. छायाचित्रणाचे ऑस्कर दोघांनाही मिळाले.

तथापि दाबून लिहिणाऱ्यास नुसता दोष देऊन आमची सुटका होत नाही. आमच्यापाशी कार्ड होते १६ जीबीचे. तेच चित्रण कच्चे लिहायचे तर सेकंदाला सुमारे ९० एमबी लागले असते आणि कार्ड तीन मिनिटांत भरले असते. तीन मिनिटांत आत्याची एक गोष्टही पुरी झाली नसती. दाबलेल्या स्वरूपाने आमचे धागे नेले हे खरे. पण तिचे चाळीस मिनिटांचे बोलणे त्यानेच आम्हांस दिले. आमची चूक एवढीच, की काय राहणार आणि काय जाणार हे आम्ही आधी विचारले नाही.

आता आमच्याजवळ दोन वस्तू आहेत. एकीत तिचा आवाज आहे, बोटे चालतात, पण बोटांतली वात दिसत नाही. दुसरीत वात दिसते, दुधाने ओले झालेले बोटही दिसते. ते बोट मात्र हलत नाही.