आजीचा अमेरिकन गहू

माझा जन्म न्यू जर्सीतला. माझी आजी बार्शीची, दर उन्हाळ्यात आमच्याकडे येते. बाईंनी या अंकासाठी घरातल्या मोठ्यांशी बोलून लिहायला सांगितलं, म्हणून मी तिला विचारलं, "आजी, तू अमेरिका पहिल्यांदा कधी पाहिलीस?" ती म्हणाली, "पाहिली नाही, खाल्ली. १९६६ साली."

तेव्हा ती दहा वर्षांची होती. पाऊस नीट पडला नव्हता. रेशनवर अमेरिकेचा लाल गहू आणि मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. मिलोची भाकरी थापताना तुटायची आणि गार झाली की चावायची नाही. "पण पोट भरायचं हो," असं ती दर वेळी म्हणते.

मग मी वाचलं. १९५४ च्या पी. एल. ४८० कायद्याखाली अमेरिका जास्तीचं धान्य भारताला रुपयांत विकत असे. १९६६ साली भारतात एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आलं, त्यातलं बहुतेक इथूनच. पण राष्ट्राध्यक्ष जॉन्सन ते थोडं थोडं सोडत. पुढची जहाजं कधी निघणार ते स्वतः ठरवत. भारताने आपली शेती सुधारावी म्हणून ते अडवून धरत, आणि भारत व्हिएतनाम युद्धावर टीका करतो याचा त्यांना रागही होता. पहिलं कारण मला थोडं पटतं. दुसरं अजिबात नाही. बार्शीच्या दहा वर्षांच्या मुलीने व्हिएतनामबद्दल काय म्हटलं होतं?

आजीला हे सांगताना मी म्हटलं, "आपण जहाजं थांबवत होतो." ती म्हणाली, "आपण? आपण रांगेत होतो गं!" आई हसायला लागली. मला मात्र हसू आलं नाही.

२०२५ साली युसेड बंद झाल्यावर आमच्या वर्गात वाद झाला, की परदेशाला फुकट का द्यायचं? मी सांगितलं, माझ्या पणजोबांनी तो गहू पैसे मोजून घेतला होता.

अशा विक्रीचे रुपये अमेरिकेच्या नावाने भारतातच जमत. त्यातल्या काही रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन इथल्या विद्यापीठांना पाठवली. त्यात मराठीही होती! माझा दादा फिलाडेल्फियाला विद्यापीठात शिकतो. आजीने त्याला पुस्तकांची यादी दिली आहे. पानं पिवळी असली तरी चालतील म्हणते.