वेल्ह्याचा डावखुरा

चेलाडी फाट्यावर महामार्ग सोडला की नसरापूर लागतं, बनेश्वरची झाडी मागे पडते, आंबवणे येतं. मार्गासनीला ट्रेकवाल्यांच्या गाड्या राजगडासाठी गुंजवण्याकडे वळल्या, आम्ही वेल्ह्याच्या रस्त्याला राहिलो. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण टपरीवर विचारलं तर लोक वेल्हेच म्हणतात. सरांच्या पायाशी एक कापडी पिशवी होती. तीत लेदरचे चेंडू, मोजपट्टी आणि एक जाड वही. सर पुण्यात वर्षानुवर्षं वेगवान गोलंदाज घडवतात. वेल्ह्यात एक डावखुरा पोरगा टेनिसच्या चेंडूवर कुणाला उभं राहू देत नाही, असा निरोप त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने धाडला होता.

सरांना बेसबॉलच्या निवडपद्धतीचं विलक्षण वेड. अमेरिकेत क्लबांची माणसं गावोगाव फिरून पोरं पाहतात आणि २० ते ८० या पट्टीवर गुण देतात. ५० म्हणजे तिथल्या सर्वोच्च लीगमधला सरासरी खेळाडू. प्रत्येक गुणाचे आकडे दोन, आज कसा आहे आणि उद्या कुठवर जाईल. सर ही पट्टी क्रिकेटला लावतात. त्यांच्या वहीत ५० म्हणजे रणजी दर्जाचा गोलंदाज. मला हे जरा हट्टाचंच वाटायचं.

‘‘रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवतात?’’ त्यांनी गाडीत विचारलं. उत्तर प्रदेशातले हे दोन भालाफेकपटू २००८ साली चेंडू जोरात फेकण्याच्या स्पर्धेतून निवडले गेले. बेसबॉल दोघांनाही ठाऊक नव्हता. अमेरिकेत नेऊन टॉम हाउस यांनी त्यांना शिकवलं, पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला आणि २००९मध्ये दोघे मायनर लीगमध्ये उतरले. सर्वोच्च लीगपर्यंत कुणीच पोहोचलं नाही. रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. सरांचं लक्ष मात्र मधल्या काळावर. ‘‘आधी वेग मोजला, मग पोरांना जवळ ठेवून शिकवलं. आपल्याकडे वेग मोजतात आणि टाळ्या वाजवतात.’’

मैदान म्हणजे भाताची खाचरं. कापणी झाली की इथली खाचरं मोकळी होतात. मधले बांध फोडून, माती लेव्हल करून, पाणी मारून, ट्रॅक्टरमागे रोलर ओढून खेळपट्टी तयार. एका बाजूचा बांध तसाच ठेवलेला, तीच सीमारेषा. चेंडू बांधावरून खाली गेला की षटकार, आणि तो शोधायला लहान पोरांची फौज. मागे तोरणा, १४०३ मीटर उंच, दुपारी अगदी अंगावर आलेला. मांडवात चषकांची रांग, यूट्यूबसाठी तिकाटण्यावर मोबाइल, आणि समालोचकाचा आवाज थेट गडाच्या माचीवर पोहोचावा असा. एका दमात तो देणगीदारांची नावं घ्यायचा, जेवणाची वर्दी द्यायचा आणि मधेच चेंडूचं वर्णनही करायचा.

‘‘लई जोरात टाकतंय पोरगं, सायेब,’’ शेजारचे आजोबा म्हणाले, ‘‘बगाच तुमी.’’

पोरगा सतरा वर्षांचा, लांब हातांचा, पायात फाटके कॅनव्हासचे बूट. पहिलाच चेंडू फलंदाजाच्या बुटावर. दुसरा तसाच, दांडी उडाली. मांडव उठून उभा राहिला. मी सरांकडे पाहिलं तर ते जागेवर नव्हते. ते स्क्वेअर लेगच्या बाजूला बांधावर जाऊन उकिडवे बसले होते. चेंडूकडे ते पाहतच नव्हते, पाहत होते कोपराकडे.

टेनिसच्या चेंडूची ही जुनी गोम. चेंडू हलका, षटकं मोजकी, चार पावलांत वेग काढायचा. मग कोपर वाकतं आणि झटक्याने सरळ होतं. गावच्या पंचांना त्याचं सोयरसुतक नसतं. आयसीसीचा नियम १५ अंशांचा. २००९मध्ये टेनिस क्रिकेटवर वाढलेला कामरान खान राजस्थान रॉयल्समध्ये गेला आणि त्याच मोसमात त्याच्या शैलीबद्दल तक्रार झाली. तामिळनाडूचा टी. नटराजन हाही टेनिसवरचा डावखुरा. २०१५च्या जानेवारीत रणजी पदार्पणातच त्याच्या शैलीवर बोट ठेवलं गेलं. त्याने हात नव्याने बसवला आणि डिसेंबर २०२०मध्ये तो ऑस्ट्रेलियात भारताकडून खेळला. दोषापेक्षा तो दुरुस्त करून घेणारं कुणी जवळ आहे का, हे मोठं.

जेवणाच्या सुट्टीत सरांनी पोराला मागच्या खाचरात नेलं आणि हातात लेदरचा चेंडू दिला. १६० ग्रॅमच्या आसपास वजन, उभी शिवण. पोराने तो संत्र्यासारखा मुठीत धरला. पहिला चेंडू थेट झाडीत. दुसरा पायाजवळ आपटला. सरांनी दोन बोटं शिवणीवर ठेवून दाखवली, धाव लांब करायला सांगितली, आणि मग गंमत झाली. धाव लांबली तशी कोपराची घाई कमी झाली. चार-पाच चेंडूंनंतर एक पडला तो टप्पा पडून आत वळला. सर काही बोलले नाहीत. मुद्दाम म्हणाले, ‘‘वाईट. पुन्हा.’’ पोरगा चेंडू आणायला स्वतः पळत गेला, तोंड न पाडता परत आला, आणि त्याच जागी पुन्हा टाकला. माझ्या मते त्या दुपारचा सगळ्यात चांगला चेंडू तोच.

वडील बांधावर उभे होते. भात आणि दोन म्हशी. ‘‘सर, पाठवायचं म्हंता, पर येणार जाणार कसं? कालेज झाल्यावर पुण्याला निघालं तर सराव कवा करायचा, आन् शेवटची एसटी गाठायची कवा?’’ जन्मदाखला आहे का, सरांनी विचारलं. शाळेत लावलेली तारीख आहे, दाखला शोधावा लागेल, असं उत्तर आलं. वयाची खात्री करायला बीसीसीआय मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढते तो सोळा वर्षांखालच्या पोरांचा, याच्यासाठी दाखलाच लागेल, हे सरांनी त्यांना समजावून सांगितलं. वडील म्हणाले, शोधतो की.

सरावाला जवळ म्हणून भोरचं नाव निघालं. तिथे एका मैदानावर मॅटिंगची खेळपट्टी असल्याचं कुणीतरी सांगितलं, म्हणून आम्ही तेही पाहायला निघालो. नकाशावर दोन खोरी शेजारी. पण मध्ये डोंगराची धार. आम्हाला पुन्हा महामार्गावर उतरून कापूरहोळहून भोरला चढावं लागलं. भाटघरचं पाणी खाली गेलेलं होतं. भोरच्या राजवाड्यासमोर कसल्याशा चित्रीकरणाची व्हॅन उभी होती. मॅटिंग होतं, पण कडेने उसवलेलं, आणि लेदरवर सराव घेणारं कुणी रोज येत नव्हतं. सरांनी पायाने ते चाचपलं आणि विषय संपवला.

झहीर खान श्रीरामपूरहून मुंबईला आला तो सतराव्या वर्षी. सुधीर नाईकांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये खेळला, तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला. ही गोष्ट सांगताना सगळे त्याच्या यॉर्करबद्दल बोलतात. मला त्याला मुंबईला घेऊन जाणाऱ्या वडिलांबद्दल बोलावंसं वाटतं. अमेरिकन क्लब मायनर लीगमधल्या पोराला पगार देतो, प्रशिक्षक देतो, वाट पाहतो. वेल्ह्याच्या पोरासाठी हा खर्च म्हशीच्या दुधातून निघायचा असतो.

परतताना खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांग होती. सरांनी वही उघडली. आजचे आकडे त्यांनी भराभर लिहिले : वेग ५५, अचूकता ३०, शैली ३०, आणि एका कोपऱ्यात ‘ऐकतो’. उद्याच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारून दोन घरं केली. वरच्यात ‘वेल्हे’ लिहून ३५, खालच्यात ‘पुणे’ लिहून ५५. एकाच पोराला दोन भविष्यं कशी देता, मी वाद घातला. पट्टीत असं बसत नाही.

‘‘पट्टी त्यांची आहे,’’ ते म्हणाले आणि फोन लावला. स्वारगेटजवळ खोली घेऊन राहणारा त्यांचा एक जुना विद्यार्थी पलीकडे होता. ‘‘अरे, तुझ्या खोलीत एक कॉट रिकामी होती ना? भाडं किती पडतं... नाही रे, मेस धरून सांग.’’