पंख आणि पाय

इटलीतील पादुआ येथील एका प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर जोत्तोने १३०५च्या सुमारास काढलेले एक चित्र आहे. गाढवावर बसलेली मरिया, तिच्या कुशीत बाळ येशू आणि बरोबर चालणारी काही माणसे. हेरोद राजाच्या हुकुमातून बाळाला वाचवण्यासाठी हे कुटुंब ईजिप्तकडे निघाले आहे. इंग्रजीत या प्रसंगाचे रूढ नाव ‘फ्लाइट इन्टू ईजिप्त’ असे आहे. चित्रात पंख आहेत ते वरच्या देवदूताला. ज्यांची ‘फ्लाइट’ आहे ती मंडळी गाढवाच्या चालीने चालली आहेत.

उडणे आणि पळून जाणे या दोन क्रिया इंग्रजीत इतक्या जवळ आल्या त्याला जुना इतिहास आहे. ‘फ्लाय’ आणि ‘फ्ली’ ही मुळात दोन कुळांची क्रियापदे. गॉथिक भाषेत पळून जाण्याचे क्रियापद ‘थ्ल’ या ध्वनीने सुरू होते. उडण्याशी त्याचे नाते नाही. जुन्या इंग्रजीत मात्र ती ‘फ्लेओगन’ आणि ‘फ्लेओन’ अशी जुळ्या भावंडांसारखी दिसू लागली, आणि भूतकाळी अनेकवचनात तर दोघांचेही रूप ‘फ्लुगोन’ असेच होते. ‘ते उडाले’ की ‘ते पळाले’, हे संदर्भानेच ठरायचे. पुढे पळण्यासाठी ‘फ्लेड’ हे वेगळे रूप घडले, तरी ‘फ्लाय’ने पळण्याचा अर्थ शतकानुशतके सोडला नाही. ‘मॅकबेथ’मध्ये मारेकऱ्यांच्या तावडीत सापडलेला बँको आपल्या मुलाला ओरडून सांगतो तो हाच शब्द. मराठी अनुवादकाला तेथे ‘पळ’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. ‘ऊड’ म्हटले तर त्या भीषण क्षणी प्रेक्षागृहात हशा पिकेल.

काळाच्या बाबतीत तर इंग्रजीने मोठी गंमत केली आहे. व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’मध्ये काळासाठी आलेले लॅटिन क्रियापद पळून जाण्याचे आहे. त्याचा काळ फरारी आहे, हातावर तुरी देऊन निसटणारा. इंग्रजीत तो ‘फ्लाय’ करू लागला आणि शाळकरी मुलांच्या कल्पनेत त्याला पंख फुटले.

बाकीचे संसारी अर्थ पुष्कळ आहेत. इंग्रजीत माणूस स्वतःच रागात ‘उडतो’. मराठीत रागाचा भडका उडतो, माणूस जागीच असतो. इंग्रजीत झेंडा काठीला बांधलेला असूनही ‘उडतो’; मराठीत तो फडकतो. मराठीत जे उडते ते बहुधा हातचे जाते : रंग उडतो, झोप उडते, विश्वास उडतो. १९०३च्या १७ डिसेंबरला राइट बंधूंचे यंत्र हवेत उठले, आणि कालांतराने आसनाला पट्ट्याने जखडलेला प्रवासीही इंग्रजीत या क्रियापदाचा कर्ता झाला. मराठी माणूस अजूनही दिल्लीला ‘विमानाने जातो’. यात मराठीचे दारिद्र्य नव्हे, शहाणपण आहे.

आणखी एक नाते सांगण्यासारखे आहे. व्युत्पत्तिशास्त्रज्ञ ‘फ्लाय’चा संबंध ज्या मूळ धातूशी जोडतात त्यातूनच संस्कृत ‘प्लु’ आला : तरंगणे, उडी घेणे. म्हणून वानर ‘प्लवग’. मराठीचे ‘उडणे’ निराळ्या धातूचे, तरी ‘उडी’ त्यातूनच निघाली.

पळणे आणि उडणे यांची फारकत जेथे करताच येत नाही अशी जागा बायबलच्या ५५व्या स्तोत्रात आहे. शत्रूंनी घेरलेला, जिवलग मित्राने दगा दिलेला भक्त कबुतराचे पंख मागतो. १६११च्या इंग्रजी भाषांतरात तेथे ‘फ्लाय’ आहे. मूळ हिब्रू क्रियापदही पंखांचेच. पण त्याला आभाळ नको आहे. त्याला दूरचे अरण्य हवे आहे, वादळापासून आडोसा हवा आहे. मराठीत ‘पळून जाईन’ लिहिले तर पंख गळतात, आणि नुसते ‘उडेन’ लिहिले तर मागावर असलेली माणसे दिसेनाशी होतात. ‘उडून जाईन’ म्हटले की त्यातल्या ‘जाईन’वर सारा भार येतो.