सातबाऱ्यावरची मालकीण



मृग निघाला. मे महिन्यातच पाऊस येऊन गेल्यामुळं रान तयार आहे, पण आता चार दिवसांपासून नुसतं ऊन तापतंय. पेरणीची घाई कुणी करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनला हात लावू नये, हे कृषी विद्यापीठवाले दरवर्षी सांगतात आणि आपण दरवर्षी विसरतो. यंदा तर दुबार पेरणीची ऐपत नाही. का नाही, तेच आज लिहितो. विषय घरचा आहे, पण हिशेब बऱ्याच जणांच्या कामाचा आहे.

माझं साडेचार एकर रान. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, बायकोचं आहे. पोरसवदा असताना शेतकरी संघटनेच्या सभेला जायचो, तिथं लक्ष्मीमुक्तीचं ऐकलं होतं. घरच्या लक्ष्मीच्या नावानं जमीन करा, असं शरद जोशी सांगायचे. वडलांपुढं विषय काढला तर ते म्हणले, आधी कमवून दाखव. विषय तिथंच मिटला.

पुढं २०१२ च्या दुष्काळात विहीर आटली. खोल करायला पैसा नव्हता. बायकोनं गळ्यातलं सोनं काढून दिलं, माहेरची पाटलीही दिली. विहिरीला पाणी लागलं, सोनं काही परत झालं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये जोशी साहेब गेले, तेव्हा ते जुनं सगळं आठवलं. पुढच्या वर्षी २०० रुपयांच्या मुद्रांकावर बक्षीसपत्र केलं आणि सगळं रान तिच्या नावावर चढवलं. भावकी हसली. मी तिला मालकीण म्हणायला लागलो ते तेव्हापासून.

जमीन तिची, म्हणून पीएम किसानचे वर्षाला ६००० तिच्या खात्यावर येतात. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरीचे ६००० आले, तेही तिच्याच खात्यावर. महिन्याला हिशेब केला तर हजार रुपये. २०२४ च्या राखी पौर्णिमेच्या तोंडावर लाडकी बहीणचे दोन महिन्यांचे ३००० एकदम पडले. पुढं महिन्याला १५०० येत राहिले. निवडणुकीत २१०० चं बोलणं झालं.

त्या भरवशावर मालकिणीनं दिवाळीनंतर बचत गटातून १५,००० उचलले आणि दोन उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. हप्ता महिना १३५०. लाडक्या बहिणीतून हप्ता भागायचा, वर दीडशे राहायचे. मला काही मागायची गरज नव्हती तिला. शेळ्या घेताना बाजारात मला सोबत नेलं, पण घासाघीस तिनंच केली. मी नुसता कासरा धरून उभा.

उन्हाळ्यात एकदा मोबाईल वाजला. खात्यावर ५०० जमा. तिला वाटलं बाकीचे मागून येतील. आले नाहीत. चौकशी केली तर कळलं, नियमच तसा आहे: सरकारच्या दुसऱ्या योजनेतून महिन्याला हजार मिळत असतील तर लाडक्या बहिणीत फक्त वरचे पाचशे. राज्यात अशा पावणेआठ लाखांच्या आसपास बायका आहेत.

एका माणसाला दोनदा नको, हे मला पटतं. पण पीएम किसान हे कुटुंबाला मिळतं. नवरा, बायको आणि अज्ञान लेकरं मिळून एक कुटुंब, त्यात एकालाच लाभ. आता शेजारी बघा. त्याचंही रान माझ्याएवढंच, पण नाव त्याचं. त्याला महिन्याचे हजार, बायकोला पंधराशे, घरात अडीच हजार. माझ्या घरात पंधराशे. फरक महिन्याला हजार, वर्षाला १२,०००. डीएपीची बॅग १३५० ला आहे, म्हणजे जवळजवळ नऊ बॅगा. शेजाऱ्यानं काही चोरी केली नाही आणि मीही नाही. फरक एवढाच की माझ्याकडं जमीन बाईच्या नावावर आहे.

पोरगा पुण्याकडं कंपनीत आहे. तो फोनवर म्हणला, "बाबा, रान परत तुमच्या नावावर करून घ्या ना, आईला पूर्ण पंधराशे चालू होतील." गावात दोघं-तिघं याच विचारात आहेत म्हणून सांगतो, आधी कागदावर मांडून बघा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झाली असेल तर पीएम किसानला तो शेतकरी बसत नाही. वारसानं आली असेल तरच सूट. बक्षीसपत्र वारसात धरत नाहीत. म्हणजे मी आज नाव फिरवलं तर तिचे हजार बंद, माझे चालू होणार नाहीत आणि तिला पंधराशे मिळतील. आज किती मिळतात? हजार आणि पाचशे, पंधराशेच. एक रुपया वाढत नाही आणि जमीन तिच्या हातातून जाते.

हे मी रात्री वहीत मांडून तिला दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणली, "वाढले असते तर फिरवलं असतं का तुमी?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. तिनं तवा उतरवला आणि म्हणली, "पंधराशेपायी सातबारा द्यायचा म्हंजे बैल देऊन कासरा घ्यायचा." विषय तिनंच मिटवला.

पण हप्ता कुठं मिटतो? एप्रिलमध्ये ती दुसऱ्याच्या हळदीत वेचणीला गेली. ३०० रुपये रोज. तीन दिवसांचा रोज आणि पाचशे मिळून एक हप्ता. स्वतःच्या साडेचार एकराची मालकीण दुसऱ्याच्या बांधावर रोजानं, हे बघून मला शेजाऱ्यासमोर उभं राहायला अवघड वाटलं. तिला वाटलं नाही. एक शेळी व्याली, दोन पिल्लं आहेत. दुसरी गाभण आहे. शेळ्या विकायच्या नाहीत, असं तिनं बजावलंय.

माझ्या बाजूनं खर्च कुठं कमी केला ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल.

बियाण्याची बॅग घेतली नाही. सोयाबीन तीन एकर, म्हणजे तीन बॅगा, नऊ हजारांच्या घरात. त्याऐवजी गेल्या वर्षीचं एमएयूएस ६१२ घरीच राखलं होतं. मळणीला यंत्राचे फेरे ४०० च्या आत ठेवले, पोती भिंतीपासून लांब फळीवर ठेवली, थप्पी उंच लावली नाही. १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवले, ७८ उगवले. ७० च्या वर असलं तर एकरी ३० किलो पुरतं. त्या ९० किलोची बाजारातली किंमत वजा केली तरी पाच हजारांच्या आसपास वाचले. बुरशीनाशक लावून ठेवलंय, जिवाणू संवर्धक पेरणीच्या दिवशी लावणार, सावलीत.

पेरणी ट्रॅक्टरनं नाही, सावडीनं. एक बैल माझा, एक शेजाऱ्याचा. हो, तोच शेजारी.

एक रुपयातला पीक विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झालाय. खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के भरावे लागतील. तो खर्च मात्र मी कापणार नाही. शेवटच्या तारखेची वाट न बघता भरा.

हे सगळं करूनही १२,००० भरून निघत नाहीत. निम्मे निघतील. उरलेले मालकिणीच्या अंगावरून जातील, रोजानं.

तुमच्याकडं कुणाच्या घरी जमीन बाईच्या नावावर आहे आणि असंच झालंय, त्यांनी खाली लिहा. नाव फिरवायचा विचार असेल तर आधी तारखा तपासा आणि घरच्या मालकिणीला विचारा.

पाऊस झाला की पेरणीचे फोटो टाकतो.